मॉरिशसचा न मोजलेला पाऊस

नाना गेल्यावर दोन महिन्यांनी मी सांगलीहून वाईला गेले, तेव्हा त्यांच्या फोटोखाली आईने एक रंगीत पत्रक चिकटवलेलं होतं. निळा समुद्र, नारळाची झाडं आणि वर ठळक अक्षरांत 'मॉरिशस : फेब्रुवारी खास सवलत'.

"खाली बघ," आई म्हणाली. "त्यांचं नाव छापलंय."

छापलं होतं खरं. 'प्रवाशांसाठी हवामान व चलनाविषयी सूचना. कै. गोपाळकृष्ण मेढेकर, निवृत्त पर्जन्य निरीक्षक, कोयनानगर, यांच्या वहीतून.' त्याखाली तीन तारखा, तिन्हींपुढे पाऊस शून्य. त्याखाली एक ओळ : 'चलन बदलण्याची काळजी नको. आमचा प्रतिनिधी सर्व पाहील.'

मी ती ओळ दोनदा वाचली. मग कपाटातून नानांची वही काढली.

नानांनी कोयनेला एकतीस वर्षं पाऊस मोजला. धो धो पावसात धरणाची वसाहत दारं लावून बसलेली असताना सकाळी साडेआठच्या ठोक्याला ते मोजपट्टी घेऊन बाहेर पडत. पाच वर्षांपूर्वी हे पत्रक काढणाऱ्या विश्वजित सहलवाल्याबरोबर ते आणि आई मॉरिशसला गेले, तेव्हाही त्यांना राहवलं नाही. आईने नेलेला चिवडा त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्या बसला वाटून टाकला. त्यांना सरळ कडेचा स्टीलचा डबा रिकामा हवा होता. तो हॉटेलच्या हिरवळीवर ठेवून सातही दिवस त्यांनी नोंद केली. शून्य, बारा, मग 'वाचले नाही', एकतीस, शून्य, चार, अठरा. सगळे आकडे मिलिमीटरमध्ये.

तिसऱ्या दिवशी वादळाचा इशारा होता. पहारेकऱ्याने कुणालाही बाहेर सोडलं नाही. दुपारी वारा पडल्यावर डबा पोहण्याच्या तलावात सापडला. सात दिवसांतला सगळ्यांत मोठा पाऊस तोच असणार, पण नानांनी अंदाजाने आकडा टाकला नाही. न वाचलेला पाऊस म्हणजे शून्य पाऊस नव्हे, हे ते नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवत.

विश्वजितने सातांतल्या तीन ओळी निवडल्या होत्या. दोन शून्याच्या आणि तिसरी ही.

वहीच्या उजव्या पानावर पैशांबद्दल होतं. 'विमानतळावर टॅक्सी आणि जेवणापुरतेच बदलावेत. बाकीचे गावातल्या बँकेत. दोन ठिकाणी दर विचारावा, पावती घ्यावी. सहलवाल्याकडून बदलू नये. दर विचारला तर हसतो, सांगत नाही.'

"वही त्याला कुणी दिली?" मी विचारलं.

"तेराव्याला आला होता. म्हणाला, काकू, आठवण म्हणून झेरॉक्स काढतो. मला बरं वाटलं गं." आई पत्रकाकडे बघत राहिली. "काही चुकलंय का?"

मी तिला सगळं दाखवलं. ती म्हणाली, "पण त्यांचं नाव कुणीतरी छापलं तर खरं. एकतीस वर्षांत सरकारने कधी छापलं होतं?"

पत्रकावर विश्वजितची सभा त्याच दिवशी अकराला, साताऱ्यात असल्याचं लिहिलं होतं. मी वही पिशवीत घातली आणि बस पकडली.

मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये चाळीसेक खुर्च्या होत्या, प्रत्येकीवर एक पत्रक. विश्वजितने मला ओळखलं आणि हात जोडले.

"या ताई! नानांचं नाव कसं झळकतंय बघितलंत ना?"

"तीन दिवस शून्य कुठून आणलेत?"

"वहीतूनच की."

मी वही उघडून तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. त्याने वाकून पाहिलं आणि हसला. नानांनी लिहिलेलं ते हसणं हेच असावं.

"अहो, आकडा नाही म्हणजे शून्यच. आणि ही जाहिरात आहे ताई, धरणाचं रजिस्टर नव्हे. लोक तिकडे ऊन बघायला जातात. एका दिवसाचं काय एवढं?"

"जाहिरात आहे, तर खाली तुमचं नाव घाला. त्यांचं कशाला घातलंत?"

"लोकांचा विश्वास बसतो म्हणून," तो म्हणाला, अगदी सहज. मग आवाज खाली आणला. "गेलेल्या माणसाला काय फरक पडतो, सांगा बघू?"

ओरडायचं नाही, एवढंच मी स्वतःला बजावलं.

पुढच्या रांगेत इस्लामपूरकडचं एक जोडपं बसलं होतं. सुभेदार नाथाजी, फौजेतून निवृत्त, आणि अंबूबाई. लेकाने लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला पैसे दिलेले. अंबूबाईंनी माझी बाही धरली.

"बाई, तुमी त्या धरणावरच्या सायबांच्या लेक न्हवं? आमी त्यांच्या नावावर तर आलोय. पाऊस न्हाई ना तिकडं? ह्यांचा गुडघा ओलीत धरतोय, आन् माणूस सांगायचं न्हाई."

"गुडघ्याचं कशाला काढतीस चारचौघांत?" नाथाजी म्हणाले.

"मग काय विमानात काढू?"

मी त्यांना नानांचे सातही आकडे वाचून दाखवले, मग उजवं पान. नाथाजींनी 'दर विचारला तर हसतो' हे वाक्य परत वाचायला लावलं आणि मान वळवून विश्वजितकडे पाहिलं.

"काय रं, दर काय हाय आज?"

"काका, ते तिथं गेल्यावर..." विश्वजित हसला.

"हसला बघ," अंबूबाई म्हणाल्या.

नाथाजींनी आपलं पत्रक माझ्यापुढे धरलं. "खरं काय ते लिवा ह्याच्यावर."

पावसाच्या रजिस्टरमध्ये चुकीचा आकडा खोडरबराने पुसत नाहीत. वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, वर खरा आकडा, बाजूला आद्याक्षरं. मी तसंच केलं. मधल्या शून्यावर रेघ, वर 'वाचले नाही'. खाली राहिलेले चार दिवस. चलनाच्या ओळीवर रेघ, वर नानांची वाक्यं. मागच्या रांगेतून आणखी एक पत्रक आलं, मग आणखी दोन. विश्वजित म्हणाला, "ताई, हे बरोबर नाही." मी लिहीत राहिले. एकोणतीस पत्रकं झाली. उरलेल्यांनी दिली नाहीत, आणि तिघांनी माझ्यासमोरच पैसे भरले. नाथाजींनी सहल तिकडच्या कोरड्या दिवसांवर, ऑक्टोबरवर, ढकलतो म्हणून सांगितलं, दुसऱ्या कुणाबरोबर तरी.

संध्याकाळी वाईला आल्यावर मी फोटोखालचं पत्रक काढलं. आई नको म्हणेल असं वाटलं होतं. तिने चष्मा लावला आणि माझ्या हातातला पेन शून्यापाशी येईपर्यंत थांबली.

"डबा तलावात सापडला, तेही लिही," ती म्हणाली.

जागा कमी होती. मी बारीक अक्षरात लिहिलं.