नागेशचा उजवा बूट

मी एक जुना सेफ्टी बूट आहे, उजव्या पायाचा. मित्रांनो, सध्या मी एका लिंबोणीच्या फांदीला टांगलेला आहे. मला बघून हसू नका. झाडाला दृष्ट लागू नये म्हणून जुनं पायताण टांगतात, हे तुम्ही पाहिलं असेल. पण या घरात ती जागा मला का मिळाली, ते ऐका.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. जाड चामडं कापून शिवलं, खाली रबरी तळ बसवला. आणि बोटांच्या जागी, चामड्याच्या आत, पोलादाची टोपी घातली. ती बाहेरून दिसत नाही. रस्त्याने जायला साधी चप्पलही पुरते. वरून लोखंड पडलं तर बोटं वाचवायची, यासाठी मला बनवलं होतं.

लोणी देवकरला लोखंडी पाइपांचं काम करणाऱ्या एका कंपनीत मी आणि माझा डावा भाऊ नागेशच्या वाट्याला आलो. सुरक्षेचं काम बघणारे शंभूराज साहेब देतानाच म्हणाले, "नीट वापरलेस तर वर्षभर जातील. तळाची नक्षी झिजली की बदल. आणि एकदा जोराचा मार बसला तर त्याच दिवशी बदल. मग बूट कालचा का असेना."

नागेशचं घर इंदापूरजवळच्या वाडीवर. त्याचे वडील तात्याबा एके काळी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत चालत जायचे. आता थोडा ऊस आणि दाराशी चार मेंढ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला उचलून पाहिलं.

"आरं, कोकरावानी जड हाय की ह्ये! हे घालून चालायचं का जागेवर हुबं ऱ्हायचं?"

"हसू नका, मामा," नागेशची बायको स्वप्नाली सासऱ्यांना म्हणाली. "तितं लोखंड पडतंय. ह्यानं पायाची बोटं शाबूत ऱ्हात्यात."

त्या दिवसापासून तिने आम्हाला आपल्याकडे घेतलं. नागेश घरी आला की ती ब्रशने चिखल आणि लोखंडाचा चुरा काढायची. आतली गादी काढून वाऱ्याला ठेवायची. पावसाळ्यात आत वर्तमानपत्राचा कागद भरायची, अगदी टोकापर्यंत, आणि सावलीत वाळवायची. नागेशच्या सोबत्यांचे बूट चुलीपुढे वाळायचे. त्यांचे तळ पावसाळ्यातच सुटले. आमची शिवणसुद्धा उसवली नाही. कंपनीत लोक विचारायचे, "नागेश, तुझं बूट म्हातारं हुत न्हाईत का रं?" तो नुसता हसायचा. मला मात्र फार बरं वाटायचं.

खंडेनवमीला घरात हत्यारांची पूजा असते. तात्याबांनी कुऱ्हाड, विळा, लोकर कातरायची कात्री आणि आपली काठी मांडली. स्वप्नालीने आम्हा दोघांना आणून शेजारी ठेवलं.

"आगं, पायताणाची पूजा कुठं असती व्हय?" तात्याबा म्हणाले.

"तुमी काठी पुजता न्हवं, मामा? ह्यांची काठी हीच हाय."

तात्याबांनी करंडा पुढे ओढला. त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्या टोकाला हळदकुंकू लावलं. मित्रांनो, बुटाला पूजेत जागा! त्या दिवशी मी कुऱ्हाडीच्या बरोबरीने बसलो होतो.

त्याच वर्षी माघात स्वप्नाली तापाने आजारी पडली. तिला बारामतीच्या दवाखान्यात नेलं. ती परत आली नाही.

नागेश पुन्हा कामावर जाऊ लागला. घरी आला की तो ओट्यावर बसायचा आणि तिचा ब्रश घेऊन मला घासायचा.  मी स्वच्छ झालो तरी घासत राहायचा. मग कागद भरायचा, तिच्यासारखाच, अगदी टोकापर्यंत.

आम्हाला या घरी येऊन वर्ष उलटलं. कंपनीने नवी जोडी दिली. ती खोक्यातच माळ्यावर गेली. आमची नक्षी आता पुसट झाली होती, तरी नागेश आम्हालाच घालायचा.

मग तो दिवस आला. पाइपांचा गठ्ठा उचलताना पट्ट्यातून निसटला आणि एक जाड पाइप थेट माझ्यावर पडला. मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्याचं काम त्या एका घटकेत होतं. माझी टोपी वाकली, पण मी बोटं चिरडू दिली नाहीत. नागेशने मोजा काढून बोटं हलवून पाहिली. पाचही हलली. सगळे जण त्याच्याकडे बघत होते. मला वाटलं, एकदा माझ्याकडेही बघा.

शंभूराज साहेबांनी बघितलं. "याने काम केलं. आता याला सुट्टी. उद्या नवे घालून ये."

"व्हय साहेब," नागेश म्हणाला.

पण दुसऱ्या दिवशी त्याने माझ्या ओरखड्यावर काळं पॉलिश चोळलं आणि मलाच घातलं. साहेबांना नवी जोडीच वाटली. सोबत्याला मात्र तो हळूच म्हणाला, "तिनं पुजल्यालं हायती. पुजल्यालं टाकत न्हाईत."

मला बोलता आलं असतं तर मी ओरडलो असतो. वरून मी चकचकीत दिसत होतो, पण आत टोपी खाली बसली होती. आणखी एक पाइप पडला असता, तर जी टोपी बोटं वाचवायला होती तीच बोटांवर बसली असती. ज्याला इतके दिवस सांभाळलं, त्याला माझ्याच हातून इजा होणार, ही एकच भीती मला होती.

नागेश थोडा लंगडू लागला. घरात ते कळलं ते तात्याबांना.

"बस हितं," ते म्हणाले.

"काय न्हाय, आबा. बूट चावतंय जरा."

"बस म्हन्तो. मेंढी लंगडली की आधी खूर बघायचं. तू काय मेंढीपरास शाना हायस?"

त्यांनी मला ओढून काढलं. नागेशच्या अंगठ्याचं नख काळंनिळं पडलं होतं. तात्याबांनी माझ्या आत हात घातला, टोकापर्यंत नेला आणि तिथेच थांबवला.

"ह्ये आत खचलंय."

"असू द्या."

"नवं हायत न्हवं माळ्यावर?"

"आबा, ह्ये तिनं राखल्यालं हायत."

तात्याबांनी मला मांडीवर घेतलं. मग म्हणाले, "आरं येड्या, सूनबाई बूट राखत न्हवती. तुझं पाय राखत हुती."

नागेशने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.  थोड्या वेळाने उठून तात्याबांनीच माळ्यावरचं खोकं काढलं.

दुसऱ्या दिवशी नवी जोडी कामावर गेली. संध्याकाळी नागेशने तिचा ब्रश हातात घेतला. मला वाटलं, आता मला घासणार. त्याने मला बाजूला ठेवलं आणि नव्या बुटांचा चुरा काढला. आत कागद भरला, अगदी टोकापर्यंत. मित्रांनो, मला वाईट वाटलं नाही. असा आनंद मला पाइप अडवला तेव्हाही झाला नव्हता.

मग माझ्याच नाडीने त्याने मला या लिंबोणीला बांधलं. हे झाड स्वप्नालीने न्हाणीच्या पाण्यावर लावलं होतं.

जुन्या वस्तू सहसा म्हणतात, आम्हाला टाकू नका. मी तसं म्हणणार नाही. आम्हाला घासा, सावलीत वाळवा, आम्ही जास्त दिवस टिकू. पण आमचं काम झालं की आम्हाला पायातून काढा. तुमच्या घरातून कुणी असे बूट घालून कामाला जात असेल, तर आज ते आल्यावर बुटात हात घाला, अगदी टोकापर्यंत, आणि चाचपून बघा.

यंदा लिंबोणी फांदी वाकेपर्यंत लागली आहे. येणारे जाणारे बघत उभे राहतात. बघू द्या. राखणीला मी आहे.