शेळीवरचा आळ

नकाशाच्या फाटक्या कडेला दातांच्या नऊ खुणा आहेत. वरच्या बाजूला चार, खालच्या बाजूला पाच. वरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या खुणेच्या मध्ये सहा मिलिमीटर जागा मोकळी आहे. मी ती तीनदा मोजली.

ही कड म्हणजे आमच्या गावाचा इतिहास. परक्यांच्या राज्यात मोजणीचा साहेब आला आणि त्यानं सगळा किनारा कापड लावलेल्या जाड कागदावर उतरवला. त्यातला आमच्या गावाचा तुकडा एका शेळीनं खाल्ला, असं त्याच्या रोजनिशीत आहे. पुन्हा मोजायचा साहेबाला कंटाळा आला. पक्की प्रत काढताना त्यानं रिकाम्या जागी निळा रंग भरला आणि एकोणीस घरांचं आमचं गाव कागदोपत्री समुद्रात गेलं. समुद्राकडून सारा कोण मागणार? चाळीस वर्षं एकही अधिकारी इकडे फिरकला नाही. पुढे रस्ता आणि विजेचे खांबही फिरकले नाहीत, पण शेळीचं कौतुक चालू असताना तो विषय कोणी काढत नाही.

शेळीला तीन दिवसांची कोठडी झाली. दुसऱ्या दिवशी तिनं कोठडीची नोंदवही खाल्ली, त्यामुळे पुढचा पुरावा उपलब्ध नाही.

माझे बाबा निवृत्त मुख्याध्यापक. गावाचा इतिहास त्यांनी लिहून ठेवलाय, पण पुस्तक अकरा वर्षं शेवटच्या प्रुफावर अडलं आहे. छापखानेवाले काका आले की बाबा म्हणतात, "एक संदर्भ तपासायचा राहिलाय." आता मात्र चौकात शेळीचा पितळी पुतळा उभा राहिला होता आणि महिन्याभरात अनावरण होतं. मुखपृष्ठासाठी त्या मूळ फाटक्या नकाशाचा फोटो काढायचं काम माझ्याकडे आलं. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. फोटो राहिला बाजूला, मी दातांच्या खुणा मोजायला व्हर्नियर काढलं.

"बाबा, शेळीला वरचे पुढचे दात नसतातच."

बाबांनी चष्मा पुसला. तो स्वच्छच होता.

"तेव्हाच्या शेळ्यांना असतील," आत्या म्हणाली. "तेव्हाचं खाणंच वेगळं होतं."

"आत्या, एवढ्यात दात जात नाहीत गं."

"धर्माची गाय अन् दात का नाय, असं म्हणतात. तू तर असलेल्या दातांवर रुसलीस!" आत्या खो खो हसली.

तेवढ्यात छापखानेवाले काका दारात हजर. बाबा घाईनं उठले. एका हातात छत्री, दुसऱ्यात किल्ल्या, म्हणून प्रूफ दातांत धरलं.

"सर, प्रुफं चावू नका," काका म्हणाले. "अकरा वर्षं सांगतोय."

मी बाबांच्या तोंडातून प्रूफ काढून घेतलं. कोपऱ्यावर वर चार खुणा, खाली पाच, मध्ये फट. मोजली. सहा मिलिमीटर. आमच्या घराण्यात वरचा एक दात उगवतच नाही. मी नकळत जिभेनं माझी फट चाचपली. आत्यानं तोंड मिटलं. तिचं मिटलेलं तोंड मी पहिल्यांदाच पाहत होते.

"तुम्हाला माहीत होतं, बाबा?"

बाबा खुर्चीत बसले. "माझ्या आजोबांनी मरताना सांगितलं. त्यांचे वडील, म्हणजे माझे पणजोबा, साहेबाची मोजणीची साखळी ओढायचे. खाडी ओलांडताना दोन्ही हातांत साखळी, म्हणून नकाशा दातांत. मध्येच खेकड्यानं अंगठा धरला. साहेबासमोर ओरडायची सोय नव्हती. दात आवळले."

"आणि तुकडा?"

"गिळायला घेतला. साहेबानं विचारलं, कोणी केलं हे? तोंडात आख्खा किनारा, बोलणार कसे? काठावर शेळी उभी होती. तिच्याकडे बोट केलं."

"अरे देवा," काका म्हणाले. "पुतळा झालाय सर. दाढीसकट. आता पणजोबा कुठून ओतायचे?"

"दादा, तू गप्प बस," आत्या म्हणाली. "लोक म्हणतील, ह्यांच्या घराण्यानं गाव गिळलं आणि ढेकरही दिला नाही."

"म्हणतील," बाबा म्हणाले. "पस्तीस वर्षं मी पोरांना कान धरून खरं बोलायला लावलं. पुस्तकाला हात घातला की ती शेळी माझ्याकडे बघते."

"कशी बघते?"

"काही न खाता."

काकांनी घड्याळ पाहिलं. "सर, यंत्र आज रिकामं आहे. उद्यापासून लग्नपत्रिका सुरू. हो की नाही, एवढं सांगा."

बाबा उठले. एका हातात छत्री घेतली, दुसऱ्यात किल्ल्या, आणि सवयीनं प्रूफ दातांत धरलं. मग थांबले. छत्री खाली ठेवली, किल्ल्या खाली ठेवल्या आणि प्रूफ तोंडातून काढून काकांच्या हातात दिलं.

"शेळीचं चौथं प्रकरण मी आत्ता बसून बदलतो. पुतळा तसाच राहू दे. खाली कोरा, हिनं काही केलं नाही. नकाशा आमच्या पणजोबांनी खाल्ला. छापा."