लाइनमन आला की बरा होणारा मोडेम

मित्रांनो, मी एक जुना मोडेम आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिले नसेल. पाटीच्या निम्म्या आकाराची करडी, चपटी पेटी. पुढे पाच लाल दिवे आणि मागे दोन तारा. एक तार संगणकाकडे जाते, दुसरी टेलिफोनकडे. संगणकाचे म्हणणे मी आवाजात बदलून फोनच्या तारेवरून दूर पाठवतो आणि तिकडून आलेला आवाज संगणकाला समजेल असा करून देतो. सुरुवातीला मी शिट्ट्या मारतो, खरखरतो. ऐकणाऱ्याला वाटते की मी बिघडलो आहे. पण ते माझे बोलणे असते.

माझा जन्म कुठे झाला ते माझ्या पोटावरच्या कागदी पट्टीवर लिहिलेले होते. ती पट्टी मला कळायच्या आत निघून गेली.

२००३ च्या उन्हाळ्यात सत्तारभाईंनी मला पुण्याच्या जुन्या बाजारातून आणले. दौंड तालुक्यातल्या खुटबाव गावात त्यांचे दुकान होते. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी ते पुन्हा तार गुंडाळून चालू करत. दुकानामागेच घर. त्यांची मुलगी सबा दौंडच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाली होती. पुण्याच्या एका संस्थेत प्रयोगशाळेचे शिक्षण घ्यायचे म्हणून तिने अर्ज केला होता, आणि संस्थेचा सगळा पत्रव्यवहार ई-मेलने होता. त्यासाठीच मी आलो.

पहिल्या दिवसापासून माझे काहीतरी चुकत होते. काय, ते मला समजेना. मी नंबर फिरवायचो, शिट्टी द्यायचो, पलीकडून उत्तर यायचे, दिवे लागायचे. आणि दोन-तीन मिनिटांत सगळे तुटायचे. कधी तर तुटण्याच्या क्षणी तारेतून बाईमाणसाचा आवाज यायचा. "हॅलो? कोन बोलतंय?" मला फक्त शून्य आणि एक कळतात. या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे असते, ते मला कुणी शिकवले नव्हते.

सबा एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची. 'फोनची तार नवी घातली. फरक नाही.' 'पासवर्ड लहान अक्षरांत पुन्हा टाकला. फरक नाही.' 'वेग कमी केला. फरक नाही.' 'मोडेम गार होऊ दिला. फरक नाही.'

सत्तारभाई मला हातात घेऊन वासही घ्यायचे. "जळालेली मोटार तरी सांगती, म्या जळालेय म्हणून. वास येतो. ह्याला तर वासबी न्हाई."

दोनदा टेलिफोन खात्याचा लाइनमन मच्छिंद्र सायकलवरून येऊन लाइन तपासून गेला. मित्रांनो, आश्चर्य म्हणजे दोन्ही वेळा मी छान चाललो. एकदा तर सलग वीस मिनिटे. मच्छिंद्रने चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "सत्तारभाई, लाइन येकदम क्लियर हाय. उगं हेलपाटा घातला मला." तो कोपऱ्यावरून वळला असेल नसेल, तोच मी पुन्हा तुटलो. घरातले सगळे माझ्याकडे पाहत राहिले. मी लबाडी करतो असेच त्यांना वाटले असणार. मलाही तसे वाटू लागले होते.

मग एका बुधवारी, मी तुटायच्या आत, सबाला संस्थेचे पत्र दिसले. तिची निवड झाली होती. सोबतचा फॉर्म भरून दुसऱ्या दिवशी पाच वाजेपर्यंत परत पाठवायचा होता. नाही पाठवला तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला.

गुरुवारी दुपारचे तीन वाजले. तोवर मी अकरा वेळा तुटलो होतो. यवतच्या सायबर कॅफेला कुलूप होते, आणि दौंडला जाणारी गाडी चारनंतर होती. सबाने वही मिटली.

"अब्बा, मच्छिंद्रकाका आले की हा चालतो. ते आल्यावर आपण असं काय करतो, जे एरवी करत नाही?"

"काय करतो? चहा करतो."

आतून तिची आई हसीना म्हणाली, "मग ठेवू का चहा?"

"अम्मी! अजून काय?"

सत्तारभाई घुटमळले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आबाची तार काढून ठेवतो."

समोरच्या घरातल्या हौसरावआबांनी फोनसाठी अर्ज दिला होता, पण त्यांचा नंबर लागला नव्हता. म्हणून सत्तारभाईंनी आपल्या फोनची तार लिंबावरून पलीकडे नेऊन त्यांच्याकडे दुसरा फोन जोडून दिला होता. हे नियमात बसत नव्हते. त्यामुळे लाइनमनची सायकल दिसली की ते तार सोडवत, आणि तो गेला की पुन्हा जोडत.

म्हणजे दुखणे तपासायला माणूस आला की हे लोक दुखणेच लपवून ठेवत होते! आणि तो बाईचा आवाज आबांच्या घरातून येत होता; तिकडे फोन उचलला की त्याच तारेवरचे माझे बोलणे तुटत होते.

"मग आता काढा ना ती तार," सबा म्हणाली.

"आन् आबाच्या अनिताचा फोन आला मग? पोरगी शिरूरला, दिवस भरलेत तिचं. आबाला काय तोंड दाखवू?"

सबाने दारातून हाक मारली आणि आबांच्या पत्नी विठाबाई रस्ता ओलांडून आल्या. सबाने विचारले, "काकू, तुम्ही सारखा फोन उचलता का?"

"मग? मेलाय का जिता हाय, बघाया नगं? उचलला की आत कुनी तरी किंचाळतंय. म्या हॅलो हॅलो करती, तर बोलत न्हाई मुडदा."

सबाने माझ्याकडे बोट दाखवले. "हा तो."

विठाबाईंनी वाकून मला पाहिले. मला लाज वाटली.

सबाने सगळे सांगितले. बारा मिनिटे लागतील. तेवढा वेळ अनिताचा फोन लागणार नाही, हेही सांगितले. विठाबाईंनी रस्त्यापलीकडे आपल्या दाराकडे पाहिले. "हे मळ्यात हायती, घरात दुसरं कुनी न्हाई. म्या हितंच बसती. तिकडं ऱ्हायले तर हात जायाचाच."

त्या माझ्यासमोर पाटावर बसल्या. मी नंबर फिरवला. पाच मिनिटे झाली. आठ झाली. त्या पदराचे टोक बोटाला गुंडाळत होत्या. दहाव्या मिनिटाला म्हणाल्या, "पोरी, लावत आसंल गं ती." सबाचे बोट बंद करायच्या कळीवर गेले, पण तिने तोडले नाही. बाराव्या मिनिटाला फॉर्म गेला. तिने त्याच क्षणी मला बंद केले, शिरूरचा नंबर फिरवला आणि रिसीव्हर विठाबाईंच्या हातात दिला.

पलीकडे अनिताच होती. रिसीव्हरमधून तिचे रडणे खोलीत ऐकू आले. "आई, कवाधरनं लावतेय! दवाखान्यात न्यायला जीप दारात उभी हाय. तुझ्याशी बोलल्याबिगर जायाचं न्हाई म्हणून अडून बसले!"

"जा गं माझी बाई, जा. म्या निघालेच."

सत्तारभाईंनी चपलाही घातल्या नाहीत, टेम्पो काढायला धावले.

रात्री अनिताला मुलगी झाली. सबा पुण्याला गेली, शिकली. मी आता दुकानातल्या एका खोक्यात तांब्याच्या तारांबरोबर पडून असतो, आणि एक गोष्ट मला अजून टोचते. त्या बाईंनी मला मध्येच तोडले असे मी इतके दिवस समजत होतो. त्यांच्या आणि त्यांच्या लेकीच्या मध्ये तर मीच उभा होतो.

म्हणून मित्रांनो, एखादे यंत्र अडले की त्याला थापट्या मारण्याआधी त्याची तार शेवटपर्यंत चालत जाऊन बघा. तिच्या टोकाला कुणी माणूस बसले असेल तर त्याच्याकडून थोडा वेळ मागून घ्या. आणि मिळालेल्या वेळाहून एक मिनिटही जास्त घेऊ नका.