बरणीत कोंडलेलं वादळ

साल एकोणीसशे अडुसष्ट. समुद्रावरून आलेलं वादळ त्या दुपारी पार थकलं होतं, आणि बाजारातल्या सभागृहात ते एका काचेच्या बरणीत कोंडून ठेवलं होतं. बरणीतलं निळं पाणी आपोआप गरगर फिरत होतं. टेबलामागे आपल्या सिंहासनापुढे पायघोळ पिवळ्या झग्यात वादळबाबा उभे होते.

"बघा, बघा! काल डरकाळ्या फोडत होतं, आज बरणीत गुरगुरतंय! रेडिओ काय म्हणाला? वादळ क्षीण झालं! कुणी केलं क्षीण?"

"बाबांनी!" गर्दी ओरडली.

रेडिओ आणखीही काही म्हणाला होता. वारा पडला तरी अतिवृष्टी होईल, ओढ्याला अचानक लोंढा येईल, सखल भाग संध्याकाळच्या आत रिकामा करा. एवढं ऐकायला कुणी थांबलंच नव्हतं.

शिंपीणबाई थांबली होती. तिची थोरली बहीण ओढ्याकाठच्या गल्लीत तळमजल्यावर राहायची, आणि आता ती इथे पहिल्या रांगेत हात जोडून बसली होती.

"ताई, ऊठ. माझ्याकडे वर चल. दोनच तास उरलेत."

"गप गं! वादळ समोर बरणीत आहे, मग ओढ्याला पूर कुठून येणार? आणि माझ्या गुडघ्यांनी तुझा जिना कोण चढणार?"

"पाठुंगळी घेते."

"मला? मधोमध मोडशील!"

तेवढ्यात बाबांचा पाय झग्यात अडकला आणि शिवण टर्रकन उसवली. "कुणी शिंपी आहे का इथे?"

शिंपीणबाई पुढे झाली. तिच्या गळ्यात नेहमीप्रमाणे फितीला बांधलेलं लोहचुंबक होतं. सांडलेल्या टाचण्या ती त्यानेच गोळा करायची. ती टेबलाशी वाकली, तसं ते चुंबक एकाएकी नाचायला लागलं. टेबलाकडे ओढ घेई, मागे सरके, पुन्हा ओढ घेई. तीस वर्षं ते तिच्या गळ्यात होतं, पण असले चाळे त्याने कधी केले नव्हते.

तिने फीत काढली आणि चुंबक बरणीला लावलं. टक्! आतून काहीतरी काळं येऊन काचेला चिकटलं. पाणी हळूहळू थांबलं.

"अरेरे! वादळ सुटेल!" बाबा किंचाळले.

"सुटेल कसं? चिकटलंय."

तिने टेबलावरून खाली लोंबणारी चादर वर उचलली. खाली पाती काढलेल्या टेबलफॅनची मोटर बॅटरीवर घरघरत होती. पात्यांच्या जागी एक चुंबक बांधलं होतं. खाली चुंबक फिरायचं, त्याच्या ओढीने बरणीतला लोखंडाचा तुकडा फिरायचा, आणि त्याच्यामागे पाणी.

"अगं बाई, पंखा!" ताई म्हणाली. "आम्ही काय पंख्याला नमस्कार करत होतो?"

सगळं सभागृह हसलं. हसू ओसरल्यावर पत्र्यावरचा पाऊस ऐकू आला.

"वादळ तिथे आहे," शिंपीणबाईने वर बोट दाखवलं. "वारा दमला, म्हणून ढग पुढे ढकलायला कुणी उरलं नाही. आता सगळं पाणी इथेच पडणार. चला, उठा!"

गल्लीकर सामानासाठी धावले. ताईला बाबांच्याच सिंहासनात बसवून चौघांनी वर नेलं. वाटेत ती लोकांना हात हलवत होती. संध्याकाळी लोंढा आला. ताईच्या खिडकीपर्यंत पाणी चढलं, पण गल्लीत तेव्हा चिटपाखरूही नव्हतं.

बाबांनी पुढे दुसऱ्या गावात पंखे दुरुस्तीचं दुकान काढलं, आणि ते उत्तम चाललं. गल्लीतली घरं पुढे उंचावर बांधली गेली. शिंपीणबाईने नजर अधू होईपर्यंत शिवण सोडलं नाही. ताई अकरा वर्षं बहिणीकडेच राहिली, जिन्याला रोज शिव्या देत. आल्यागेल्याला ती ठासून सांगायची, "मला पहिल्यापासूनच संशय होता! नमस्कार करायचा तर करा बाबांनो, पण वाकलाच आहात तर टेबलाखाली बघून घ्या. आणि बातम्या शेवटपर्यंत ऐका."

शिंपीणबाई तोंडात टाचण्या धरून नुसती हुंकार द्यायची.