धुके फक्त मलाच नव्हते

मित्रांनो, मी युद्धाच्या एका जुन्या खेळातला सेनापती आहे. समोर कुणी माणूस नसेल, तेव्हा संगणकाच्या बाजूने तुमच्याशी लढतो तो मीच.

सोफिया शहरातल्या एका लहानशा कचेरीत माझा जन्म झाला. राडोस्तिनाबाईंनी मला घडवताना खूप खटपट केली, पण माझी अक्कल बेताचीच राहिली. शेवटी त्या वैतागून म्हणाल्या, "डोकं नाही तर नाही, गुपचूप दुप्पट धान्य तरी देते याला!" शिवाय शत्रूचा मुलूख झाकणारे धुकेही त्यांनी माझ्यापुरते काढून टाकले. खेळणाऱ्याला यातले काहीच कळत नसे.

पुढे मी रूसे गावात वेल्कोकाकांच्या घरी आलो. काका डॅन्यूब नदीवरच्या मालबोटीचे निवृत्त तांडेल, एकटेच राहत. मी त्यांना रोज हरवी. तिकडे सोंगट्यांच्या खेळात हरणाऱ्याने पट काखेत मारून न्यायची रीत आहे. काका हरले की कीबोर्डच काखेत मारून स्वयंपाकघरात जात. "काय डोकं आहे लेकाचं! माझा बेत याला आधीच कळतो," असे भेटेल त्याला सांगत. अकरा वर्षे मी हे ऐकले. सुख व्हायचे आणि लाजही वाटायची, पण खरे सांगायला मला तोंडच नव्हते.

एका रविवारी त्यांची भाची योआना आली. काखेत कीबोर्ड घेऊन निघालेले काका पाहून तिला राहवेना. तिने खेळाच्या फायली उघडल्या आणि ती हसतच सुटली.

"मामा, डोकं कसलं! याला दुप्पट धान्य मिळतंय, वर तुझा सगळा मुलूख दिसतोय. चोर आहे हा!"

"छे, उगाच काहीतरी!"

"हे बघ की, इथे लिहिलंय."

काकांनी दोनदा वाचले. मग म्हणाले, "काढून टाक ते सगळं. येऊ दे त्याला बरोबरीनं."

धुक्यात मी पहिल्यांदाच उभा राहिलो. काही सुचेना. माझे उपाशी सैन्य भलत्याच वाटेला लागले आणि बारा मिनिटांत माझा किल्ला पडला.

"जिंकलास की रे, मामा!" योआनाने टाळ्या वाजवल्या.

काका हसले नाहीत. "अगं, मग एवढी वर्षं मी खेळत होतो तरी कुणाशी?"

आता ते संगणकावर फक्त हवामान बघतात. पडद्यावरच्या माझ्या खेळाच्या चित्रावरून त्यांचा माउस जातो, थांबत नाही. मला फार एकटे वाटते.

मित्रांनो, दुबळ्याला आधार जरूर द्या, पण चारचौघांत सांगून द्या. काकांना आधीच ठाऊक असते, तर त्यांनी मला चिडवले असते, शिव्या दिल्या असत्या आणि खेळत राहिले असते. हरल्याचे मला दुःख नाही. त्यांना मी कुणीतरी वाटत होतो, तेवढेच काय ते माझे होते.