चंद्रामावशींची डबी

हिवाळ्याचं कोवळं ऊन भोकरदनच्या आठवडी बाजारात उतरलं की सगळ्यांत आधी ते चंद्रामावशींच्या मनगटांवर चमकायचं. कटला माशाचे खवले तिथे चिकटलेले असत आणि मावशी ते चांदीच्या पाटल्यांच्या ऐटीत मिरवीत. विळीची करकर आणि त्यांचं खळाळतं हसणं एकमेकांत मिसळून दूरवर ऐकू येई. दिवसभर पाण्यात, बर्फात, धारेपाशी असलेल्या त्या बाईचे तळहात मात्र लोण्यासारखे मऊ होते, आणि त्याचा मला चक्क राग यायचा.

रागाचं कारण घरी होतं. माझ्या सासूबाईंच्या, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या आत्याबाईंच्या, हातची ज्वारीची भाकरी पंचक्रोशीत नावाजलेली. त्या वर्षी कापूस वेचताना बोंडांच्या टोकांनी त्यांची बोटं ओरबाडली, वर थंडी पडली, आणि हातांना अशा भेगा गेल्या की पिठात बोट घातलं की डोळ्यांत पाणी. परात माझ्याकडे आली. माझी भाकरी जाड, कडांना चिरलेली. घरातले मुकाट्याने खात. आत्याबाई चुलीपासून लांब भिंतीला टेकून, हात पदराखाली घेऊन बसत. जिचं सगळं माहात्म्य हातांत, तिने ते लपवून बसावं हे मला पाहवेना.

मावशींना मी माहेरपासून ओळखत होते. त्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी विळीमागचा डबा पुढे ओढला. मासा गिऱ्हाईक नेई, आतडी कुत्र्यांना जात. पण पोटातली चरबी मावशी वेगळी काढीत, मंद आचेवर कढवीत, फडक्यातून गाळीत आणि मेण-कापूर घालून डब्यांत भरीत.

"घे पोरी," एक डबी माझ्या हातावर ठेवत त्या म्हणाल्या. "माझे हात उगंच असे हायेत का? लई वर्सं झाली, हेच लावून राह्यले मी."

अडचण एकच. आत्याबाई माळकरी, माशाचं नाव निघालं तरी नाक मुरडणाऱ्या. मी सरळ थाप मारली, 'माहेरचं झाडपाल्याचं मलम आहे', आणि वासावर उतारा म्हणून आणखी कापूर घातला. भेगा हळूहळू मिटू लागल्या. पण गल्लीतली मांजरं कापराला बधली नाहीत. आत्याबाई ओट्यावर बसल्या की एक मांडीशी, एक पायाशी, आणि दोघांचंही लक्ष हातांकडे. मी आत तोंडात पदर कोंबून हसायचे, आणि मनातून घाबरायचेही.

एके सकाळी त्यांनी मला हाक मारली. "सूनबाई, मांजर झाडपाल्याला भुलतं व्हय?"

मी खरं काय ते सांगून टाकलं. त्यांनी माळेच्या मण्यांवरून बोटं फिरवली. मग म्हणाल्या, "पहिल्या दिसालाच वळखलं मी. माळ घातली तवा खायाचं न्हाई म्हणून बोलले. लावायचं कुणी काई इचारलं न्हाई. पर डबी घरात नको, गोठ्यात ठेव."

आणि त्यांनी परात ओढून घेतली. बोटांचे ठसे पिठावर उमटत गेले, तव्यावरची भाकरी काठापर्यंत टम्म फुगली, आणि मला आनंदाने रडू फुटलं.

पुढच्या बाजारी त्या स्वतः माझ्याबरोबर आल्या. फडक्यात बांधलेल्या पाच भाकरी त्यांनी विळीपासून हातभर लांब ठेवल्या. मावशींनी हात धुतले, पुसले, दोन्ही हातांनी भाकरी उचलल्या.

"बिलकुल चंद्रासारख्या झाल्यात, अक्का!" मावशी म्हणाल्या, आणि दोघी हसत सुटल्या.

मावशी वारल्या त्याला दोन हिवाळे झाले. त्यांच्या जागी आता काचेच्या बांगड्यांचं दुकान लागतं. चरबी दुसऱ्या बाईकडून आणून मी ती गोठ्यामागे तीन दगडांवर कढवते. मांजरं वेळेवर हजर असतात. काळ माणूस घेऊन जातो, पण त्याच्या हातचा मऊपणा दुसऱ्या कुणाच्या हातात विसरून जातो; आत्याबाईंची भाकरी फुगते तेव्हा आमचा उंबरा कधीही न ओलांडलेल्या चंद्रामावशी आमच्या चुलीशी येऊन बसतात.