सर्वनामांच्या खोलीतले हे

मिरजेत सालोमी टीचरांच्या इंग्रजीच्या क्लासला आठ खोल्या होत्या, आणि शिकवून झालेला शब्द आपली वस्तू बरोबर घेऊन त्यातल्या एका खोलीत राहायला जात असे. शब्दांच्या जाती आठ, म्हणून खोल्या आठ. वत्सलाबाई कुरण्यांची पळी पहिल्याच दिवशी नामांच्या खोलीत गेली. मग लोणच्याचा आंबटपणा विशेषणांकडे गेला, आणि क्रियापदं शिकल्या त्या दिवशी घरातलं दूध उतू जाईना. बाईंना याची धास्ती नव्हती, उलट गंमत वाटायची. संध्याकाळी त्या त्या खोलीच्या दारात उभं राहून हाक मारली की आपली चीज परत मिळे. कॅनडातल्या नातवाशी चार शब्द बोलता यावेत म्हणून साठीनंतर त्यांनी हे खूळ घेतलं होतं, आणि आता त्या एकही दिवस चुकवत नव्हत्या.

सर्वनामं शिकवली त्या दिवशी टीचरांनी घरातल्या माणसावर वाक्य करायला सांगितलं. वत्सलाबाईंनी नवऱ्यावर 'ही इज स्लीपिंग' असं केलं. शाबासकी मिळाली. घरी येऊन बघतात तर खाट रिकामी, आणि उशीवर नुसता चष्मा.

चष्मा घेऊन त्या आल्या पावली परत फिरल्या. सर्वनामांची खोली पुरुषांनी खच्चून भरली होती. बाईंनी दारातून "अहो" म्हणून हाक मारली, तर सगळेच उठून उभे राहिले. मिरजेतल्या निम्म्या बायकांचे 'हे' तिथे होते. बाई एकेकाला निरखू लागल्या. सगळ्यांची नाकं हळूहळू एकसारखी होत चालली होती. नाकाला नाक कसं जुळतं ते बघायचा मोह त्यांना आवरेना.

टीचर किल्ल्यांचा जुडगा घेऊन आल्या. सहाला ही खोली बंद होते, म्हणाल्या, आणि सकाळी उघडली की आत एकच माणूस असतो, सगळ्यांचा मिळून.

"नावाने हाक मारा," त्या म्हणाल्या.

आता आली का पंचाईत! नवऱ्याला नावाने हाक मारली की त्याचं आयुष्य घटतं, असं सासूबाई सांगून गेल्या होत्या. बाईंचा त्यावर पुरता विश्वास नव्हता, पण ताडून बघायचीही छाती नव्हती. हे माणूस त्यांना घरी हवं होतं, धडधाकट, कुरकुर करणारं.

"उखाण्यात घेतलं तर चालेल?"

"चालेल. पण लवकर घ्या."

बाईंनी पदर सावरला. "दुरडीत दुरडी, दुरडीत परात, मुकुंदरावांचं नाव घेते इंग्रजीच्या दारात."

दार उघडलं, पण ते समोरच्या नामांच्या खोलीचं. मुंडावळ्या बांधलेला एक तरुण बाहेर आला, लग्नाच्या दिवशीचे मुकुंदराव. मिशी कोवळी, हातात तांदळाचं ताट. तांदळात अंगठीने बाईंचं नाव लिहिलेलं होतं, लग्नात लिहितात तसं.

"वत्सला," तो म्हणाला.

त्या दिवसानंतर हे नाव कुणी घेतलंच नव्हतं. मुलं आई म्हणत, सून मम्मी, आणि हे नुसते अगं. बाईंना इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. तरुण म्हणाला, चल. घर कुठे आहे ते मात्र त्याला माहीत नव्हतं.

मागून सर्वनामांच्या खोलीतून आवाज आला, "अगं, चष्मा दे की." सगळ्यांनी एका सुरात म्हटलं, आणि उंबऱ्याबाहेर हातच हात पसरले, सगळे सारखे. टीचरांनी किल्ली कुलपाला लावली.

वत्सलाबाई वळल्या. रोजच्यासारखी त्यांनी काचेवर फुंकर घातली आणि चष्मा पदराने सावकाश पुसू लागल्या. सगळे हात गुमान वाट बघत राहिले. एका हाताला मात्र दम निघेना, त्याने दारावर टकटक सुरू केली, चष्म्याला उशीर झाला की हे खाटेच्या कडेवर करत तशी. बाईंनी त्याच्याकडे पाऊल टाकलं, आणि पाठीमागे कललेल्या ताटातून तांदूळ सांडायला लागले, शेवटच्या अक्षरापासून.